नांदीतली तिसरी ओळ

गोदूताई दातारांच्या ओसरीवर सभा असली की भरभर बोलायची कुणालाच मुभा नसे. "सावकाश," त्या म्हणायच्या, "आणि एकेकानं. सुमतीला लिहून घ्यायचंय." मग माझ्याकडे वळून विचारायच्या, "झालं गं लिहून?"

माझं केव्हाच झालेलं असे. शाळेत मुलींना शुद्धलेखन घालण्यात माझी उमर चाललेली, चार माणसांचं बोलणं टिपायला मला कितीसा वेळ लागणार. पण मी मान हलवायची आणि सभा पुढे सरकायची. मनात यायचं, या बाईंना आपली किती काळजी. ती सोय माझ्यासाठी नव्हतीच, हे कळायला पुढे दोनेक वर्षं जावी लागली.

आमचं खाडीकाठ संगीत मंडळ डोंबिवलीचं. पण कल्याणपासून ठाण्यापर्यंतची गाणंवेडी माणसं त्यात होती. गोदूताईंचे यजमान गोपाळराव यांनी ते काढलं आणि रीतसर धर्मादाय म्हणून नोंदवलं. कामं दोनच. दिवाळीनंतर एक संगीत नाटक करायचं, त्याला तिकीट नाही, येईल त्यानं सतरंजीवर बसायचं. आणि वर्षभर संध्याकाळी मुलींना गाणं शिकवायचं, त्यालाही फी नाही. कारभार चार विश्वस्तांकडे. मी चिटणीस. मला मत नव्हतं. पडदे, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, रंगाचे डबे, गजरे, पिण्याचं पाणी यांच्या याद्या करायच्या आणि एकेक काम झालं की त्यावर रेघ मारायची, एवढा माझा अधिकार.

गोपाळरावांनी मंडळाला एक विचित्र नियम घालून दिला होता. आधीच्या एका मंडळात सुराचा गंध नसलेल्या माणसांनी गवयांवर हुकूम चालवलेला त्यांनी पाहिला होता. म्हणून इथे जो कारभार करील त्यानं दर वर्षी नाटकाआधीच्या नांदीत रंगमंचावर उभं राहायचं आणि आपल्या वाट्याची ओळ एकट्यानं म्हणायची. नांदी गोपाळरावांनीच रचलेली, ओळी चार, विश्वस्तही चार. सूर काळी दोन, म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी. तो कधी बदलायचा नाही. कुणाचा सूर सुटला तर पेटी वाजवणाऱ्यानं हात उचलायचे. पेटी थांबली की त्या माणसाची जागा रिकामी.

हे ऐकून नवी माणसं हसत. पण नियम पोकळ नव्हता. कल्याणचे एक भातगिरणीवाले गृहस्थ विश्वस्त होते. एका वर्षी त्यांच्या ओळीला पेटी थांबली. ते प्रेक्षकांना नमस्कार करून खाली उतरले, सतरंजीवर बसून त्यांनी सगळं नाटक पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा आणून दिला. पुढेही ते दर प्रयोगाला यायचे, फक्त नांदी चालू असेपर्यंत मान खाली घालून बसायचे.

गोपाळराव गेले ते स्वातंत्र्यानंतरच्या एका उन्हाळ्यात. दिवस झाल्यावर बाकीचे तीन विश्वस्त घरी आले. डॉक्टर केळकर, म्हणजे गोपाळरावांचे मित्र, दवाखान्याइतकीच शिस्त मंडळातही बाळगणारे. पेटीवर बसणारे नेने मास्तर, अतिशय अबोल. आणि कळव्याचे धर्मा पाटील, मिठागरात राबून वर आलेल्या घरातले, आता स्वतःची जमीन असलेले. गिरणीवाल्यांची जागा त्यांना मिळाली होती. मी चहा देत होते.

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, गोपाळची जागा आता तुमची. त्यात दुसरा विचारच नाही. नांदीचं तेवढं या वर्षी आपण बाजूला ठेवू."

"का?"

"म्हणजे... लोक बोलतील."

"लोकांनी बोलावं. माझी ओळ मी म्हणेन. नांदी टाळायची असेल तर मी विश्वस्त कसली? मग तुमच्या चहापुरतीच मी."

त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. नांदी म्हणजे मंगलाचरण. तिथे कुंकू नसलेल्या बाईनं उभं राहायचं हे पचायला कठीण होतं. कल्याणहून त्यांच्या नणंदबाई मुद्दाम आल्या. म्हणाल्या, "शुभकार्याच्या तोंडावर तू अशा कपाळानं उभी राहणार?" गोदूताई तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "सूर गळ्यातून येतो वन्सं. कपाळाचं तिथे काही काम नाही."

प्रयोगाच्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. शाळेच्या सभागृहात प्रयोग होता. पेटी, म्हणजे पायानं भाता मारायचा तो जुना उभा ऑर्गन, रंगमंचावरच डाव्या अंगाला असे. गोदूताई पेटीला लागून उभ्या राहिल्या आणि आधाराला डावा तळहात तिच्या लाकडावर ठेवला. पहिली ओळ मास्तरांची, ती ते पेटीवरूनच म्हणत. दुसरी पाटलांची. तिसरी गोदूताईंची. पुढच्या रांगेतल्या एक आजीबाई तोंड फिरवून बसल्या. गोदूताईंचा सूर लागला, आणि ओळ संपायच्या आत आजीबाईंनी मान वळवून पाहिलं. एवढंच झालं. टाळ्या वगैरे काही नाही. पण पुढच्या वर्षापासून ही बाई तिथे उभी राहणार हे गावानं धरून चाललं.

तळहात पेटीवर ठेवायची सवय त्यांना तेव्हापासून लागली.

बाईंचा खरा जीव होता गाण्याच्या वर्गात. वर्ग त्यांच्याच घरी भरे. आधी ओळखीपाळखीच्या घरच्या मुली यायच्या. मग गोदूताई स्वतः खाडीकाठच्या गावांतून हिंडू लागल्या. चपला हातात, नऊवारीचा काठ चिखलानं भरलेला, आणि दारोदार एकच प्रश्न, "घरात गाणारी पोर आहे का?" लोकांना वाटे, बाई स्थळं बघत हिंडताहेत. कोपर गावच्या एका बाईनं तर विचारलं, "पोरगा काय करतंय तुमचा?"

तिथेच त्यांना हिरा सापडली. तिची आई मिठागरात कामाला. हिरा पहिल्या दिवशी आली तेव्हा पायांवर मिठाची पांढरी पुटं होती, आणि सतरंजी खराब होईल म्हणून ती उंबऱ्यावरच बसली. गोदूताई उठल्या आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर जाऊन बसल्या. त्या दिवशीचा अख्खा वर्ग त्यांनी तिथून घेतला. दुसऱ्या दिवशी हिरा आत बसली. गळा असा की मी, जिला गाण्यातलं फारसं कळत नाही, ओसरीवर याद्या करता करता थांबायची.

वर्गात पाण्याचा माठ एक आणि पेला एक. गोदूताई तहान नसली तरी वर्ग संपताना सगळ्यांच्या शेवटी त्याच पेल्यानं पाणी प्यायच्या. हे घराघरांत कळलं. काही मुली यायच्या बंद झाल्या. एकीला सर्दी झाली, एकीचा अभ्यास वाढला, एकीची आत्या आली. कारणं मला तोंडपाठ होती.

असं वर्षभर चाललं आणि डॉक्टरांनी सभेत ठराव मांडला. वर्ग सभासदांच्या घरच्या मुलींपुरता ठेवावा.

"जुनी घरं तुटताहेत, वहिनी. मंडळ टिकलं तर वर्ग टिकेल. मी मंडळाच्या जिवाचं बोलतोय."

डॉक्टर दुष्ट नव्हते. खाडीकाठच्या वस्तीत ते रात्रीबेरात्री तापाच्या रोग्यांना बघायला जात. पण औषध देणं वेगळं आणि शेजारी बसवणं वेगळं, असं त्यांच्या मनात कुठेतरी होतं.

"आन आमच्या पोरी?" पाटील म्हणाले.

"पाटीलशेठ, तुम्ही विश्वस्त आहात. तुमच्या घरच्या येतीलच की."

"माज्या घरच्या पोरींचा गला फुटका हाय, डॉक्टर. देवानं गला दिलाय तो त्या हिराला. तिचा बाप कुटला सभासद?"

नेने मास्तरांकडे सगळ्यांनी पाहिलं. ते हळूच म्हणाले, "गर्दीत गळे तयार होत नाहीत. मला थोड्याच मुली हव्यात." म्हणजे ते डॉक्टरांच्या बाजूचे.

दोन विरुद्ध दोन. मतं समान पडली तर आहे ते चालू ठेवायचं, अशी आमची रीत. अखेरचं मतदान वार्षिक सभेत व्हायचं होतं, आणि वार्षिक सभा प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी भरे, म्हणजे त्या वर्षीच्या नांदीत जे टिकले त्यांनीच मत द्यायचं. गोदूताई जागेवर असेपर्यंत वर्गाला धोका नव्हता. मी निश्चिंत होते.

ती निश्चिंती एका सकाळी संपली. मी फराळाचा पितळी डबा घेऊन त्यांच्या मागच्या दारानं आत गेले. त्या माझ्याकडे पाठ करून जात्याजवळ बसल्या होत्या. मी दोनदा हाक मारली. मग उंबऱ्याला ठेचकाळले आणि डबा फरशीवर आपटला. असा आवाज झाला की परसातले कावळे उडाले. गोदूताईंची पाठ हलली नाही. डब्याचं झाकण गोल फिरत त्यांच्या पायाशी गेलं तेव्हा त्यांनी मागे पाहिलं.

"कधी आलीस?"

त्यांनी झाकणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कळलं वाटतं तुला."

"कधीपासून, ताई?"

"हळूहळू गेलं. वर्गात पेटीवर मास्तर असतात, मुलींचा सूर चुकला तर ते थांबवतात. समोरचं माणूस सावकाश बोललं की ओठांवरून उमजतं. म्हणून तर तुला लिहायला इतका वेळ लागतो." त्या थोडं हसल्या.

"आणि नांदी? काळी दोन कशी सापडते तुम्हाला?"

त्यांनी डावा तळहात वर करून दाखवला. "पेटी वाजली की लाकूड बोलतं. वेगळ्या पट्टीला वेगळं बोलतं. एवढी वर्षं तिच्याशी राहिल्यावर तेवढं कळतं."

यातलं शास्त्र मला माहीत नाही. मागच्या दोन्ही नांद्या बिनचूक झाल्या होत्या एवढं मी ऐकलं होतं.

"कुणाला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "लोक कीव करतात आणि मग सवलत देतात. मला सवलत नको. ज्या दिवशी पेटी थांबेल त्या दिवशी मी उतरेन."

तेव्हापासून माझ्या प्रत्येक यादीत शेवटी एक काम असे, जे मी कागदावर लिहीत नसे. गोदूताई पेटीजवळ उभ्या राहतील हे बघणं.

त्या वर्षी शाळेचं छप्पर उतरवलं होतं, म्हणून प्रयोग कळव्याला पाटलांच्या खळ्यावर ठरला. पाटलांना कोण आनंद. मंडप त्यांचा, माणसं त्यांची. दुपारी मी याद्या घेऊन पोचले. पिंपांवर फळ्या टाकून रंगमंच उभा केला होता. मी सवयीनं डावीकडे पाहिलं. पेटी नव्हती. ती खाली होती, रंगमंचाच्या पुढ्यात, जमिनीवर.

"वर का नाही ठेवली?"

सुतार म्हणाला, "फल्या नाय धरनार, बाय. पेटी खाली जाईल आन मास्तर पन."

मी मास्तरांना गाठलं. ते म्हणाले, "खालीच बरी. नटांचे चेहरे दिसतात." मी पाटलांना गाठलं आणि कोपऱ्यात खांब लावता येईल का विचारलं.

"बाय, नाटकाला माणसा यायला लागली. आता खांब कुटं रोवू? काय झालाय तुमाला? पेटी खाली असली तर काय सूर वर येत नाय काय?" ते हसून निघून गेले.

सांगून टाकावं असं फार वाटलं. पाटलांनी खळं खणून काढलं असतं. पण सांगायचं नाही असं मला बजावलेलं होतं.

गोदूताई आल्या, रंगमंचावर चढल्या, आणि जिथे पेटी असायची तिथे जाऊन उभ्या राहिल्या. डावा हात कमरेच्या उंचीवर आला, क्षणभर तसाच राहिला, मग त्यांनी तो पदरात घेतला.

मी जवळ गेले. ओठ नीट दिसतील असं बोलले. "ताई, तब्येत बरी नाही म्हणून सांगते. नांदी पुढे ढकलू."

"पुढे म्हणजे कधी? उद्या सभा आहे. नांदी नाही तर मत नाही." त्यांनी खाली पेटीकडे पाहिलं. "इथून मास्तरांची बोटं दिसतात. शेजारी उभी असताना कधी दिसली नव्हती."

"बोटं बघून सूर लागेल?"

"नाही," त्या म्हणाल्या. "पण लागला की नाही ते कळेल."

दिवेलागण झाली. खळं भरलं होतं. डोंबिवलीची मंडळी पुढे, कळव्याची मागे, आणि बांधावर मिठागरातल्या बायका. त्यांच्यात हिराची आई होती. बत्त्यांचा सूं सूं आवाज चालला होता. मी पडद्याच्या कडेला उभी. हातातली यादी पूर्ण झाली होती आणि तिचा काही उपयोग नव्हता.

मास्तरांनी सूर धरला, पहिली ओळ म्हटली. पाटलांनी दुसरी म्हटली, नेहमीसारखी छाती पुढे काढून. मग मास्तरांनी वर पाहून मान हलवली. गोदूताईंनी डोळे त्यांच्या हातांवर ठेवले आणि तिसरी ओळ उचलली.

आवाज आला तो भरदार, स्वच्छ, आणि चुकीचा. काळी दोन ओलांडून तो थेट काळी तीनवर जाऊन बसला होता. मला गाणं कळत नाही, पण दोन सूर एकमेकांना घासतात तेव्हा दातांना कळतं. डॉक्टरांनी झटकन मान वळवली.

मास्तरांचे हात पट्ट्यांवरून उचलले गेले.

मी डोळे मिटणार होते. पण पेटीचा श्वास विरायच्या आत ते हात पुन्हा खाली आले, थोडे उजवीकडे. पेटी काळी तीनवर बोलू लागली आणि गोदूताईंच्या आवाजाखाली जाऊन उभी राहिली. घासणं थांबलं. लोकांना वाटलं, चालीत या वर्षी काहीतरी नवीन बसवलंय. मागून कुणीतरी "वा" म्हणालं.

गोदूताईंनी ओळ पूर्ण केली. त्यांचे डोळे मास्तरांच्या बोटांवरून हलले नव्हते.

आता चौथी ओळ डॉक्टरांची. ती ओळ चढत चढत वरच्या षड्जाला जाते. डॉक्टरांचा गळा बेताचा, काळी दोनला तो जेमतेम पोचे. चढ्या सुरात त्यांनी सुरुवात केली, अर्ध्यापर्यंत कसेबसे गेले, आणि पुढे आवाजाची चिरफळी होऊन कोंबडं आरवल्यासारखं झालं. बांधावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. डॉक्टर स्वतःच थांबले. मग पेटीही थांबली.

त्यांनी प्रेक्षकांना नमस्कार केला आणि ते पायऱ्या उतरून सतरंजीवर जाऊन बसले. ताठ. नाटक पुढे कसं झालं ते मला विचारू नये. गजरे दिले, बत्त्यांना हवा मारून घेतली, नटांना चहा पोचवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर सभा. मास्तर मांडीवर हात पालथे टाकून त्या हातांकडेच बघत होते. पाटलांना आनंद लपवता येत नव्हता. डॉक्टरांशिवाय मतदान म्हणजे ठराव पडलाच.

डॉक्टर आले ते राजीनामा घेऊनच. "नियम तो नियम. माझी जागा रिकामी समजा."

"वाईट वाटून घेऊ नका, डॉक्टर," पाटील म्हणाले. "गिरनीवाले पन भले मानूस होते. आता तुमी दोगं शेजारी बसा. मान खाली घालाया सोबत होईल."

"पाटीलशेठ," गोदूताई म्हणाल्या, "थांबा जरा." मग माझ्याकडे वळल्या. "सुमती, लिही. सावकाश सांगते. डॉक्टर बेसूर झाले नाहीत. मी झाले. काळी दोन सोडून मी काळी तीनला गेले. पेटी तिथेच थांबायला हवी होती. ती माझ्यामागे आली, म्हणून डॉक्टरांना नको त्या सुरात गावं लागलं. त्यांची जागा त्यांचीच आहे. रिकामी झाली ती माझी."

मग पाटील उठून उभे राहिले.

"ताई, जाव द्या ना आता. झाला ते झाला. कोनाला कललाय? आन पोरींचा काय? हिराचा काय?"

"मला कळलंय, धर्माभाऊ."

"तुमी गेलात तर दोगं तिकडं, मी एकला इकडं. वर्ग बंद होईल. मना एवडाच सांगा, हा कुटला न्याय?"

गोदूताईंनी डावा तळहात उघडून समोर धरला. "मला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "दोन-तीन वर्षं झाली. पेटीला हात लावून मी निभावत होते. काल हात लावायला पेटी नव्हती. नियम यांनी केला, आणि त्याच्याच जोरावर मी कुंकू नसताना तिथे उभी राहिले. तो मला सोयीचा असेल तेव्हाच पाळायचा, असं कसं करू?"

त्या उठल्या. "जी विश्वस्त नाही तिनं मतदानाला बसू नये. मी चहा टाकते."

त्या आत गेल्या. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. ते लावायचं कारण नव्हतं.

डॉक्टरांनी राजीनाम्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. त्यांचा आवाज बसलेला होता. "ठराव मतास टाकतो. माझं मत ठरावाच्या बाजूनं. पाटीलशेठ?"

"इरोदात. शंबर येला इरोदात."

"मास्तर?"

मास्तरांनी हातांवरची नजर काढली नाही. "माझं मत धरू नका."

"म्हणजे?"

"काल हे हात थांबायला हवे होते. थांबले नाहीत. ज्याला पेटी थांबवता येत नाही त्यानं मत कसलं द्यायचं?"

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "असं केलंत तरी का?"

मास्तर इतकं सलग बोललेले मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "मुद्दाम नाही केलं. गोपाळरावांनी मला पेटीवर बसवलं तेव्हा मला काळी-पांढरी कळत नव्हती. ते कामावर जायचे. वहिनी आत स्वयंपाक करता करता सूर लावायच्या आणि मी इथे बसून तो पट्टीवर शोधायचा. सापडला की आतून 'हं' यायचं. त्या आवाजावर हे हात तयार झालेत. काल तो आवाज जिथे गेला तिथे हे गेले. तो चुकतोय हे कानाला कळलं. हातांना पटलं नाही."

माझी लेखणी थांबली होती. पहिल्यांदाच मला खरोखर वेळ हवा होता.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ठराव मागे ठेवून पुढच्या सभेत पुन्हा आणणं त्यांना शक्य होतं. मास्तरांना समजावणंही शक्य होतं. ते मला म्हणाले, "लिहा. एक मत बाजूनं, एक विरुद्ध, एक नाही. मतं समान. आहे ते चालू राहील." मग जरा थांबून म्हणाले, "आणि हा विषय मी पुन्हा आणणार नाही, तेही लिहा."

पाटील काहीतरी जोरात म्हणाले, पण मी तोवर आत गेले होते. गोदूताई चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या. आधण उकळून अर्ध्यावर आलं होतं आणि चहापत्तीचा डबा हातात तसाच होता. पाठीमागे ओसरीवर त्यांच्या सगळ्या कामाचा निकाल लागला होता आणि त्यांच्यापर्यंत त्यातलं अक्षरही पोचलं नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या वळल्या आणि त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं.

"वर्ग चालू राहणार," मी म्हणाले. सावकाश.

त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग डबा खाली ठेवला. "आधणात साखर घातली का गं मी?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पदरानं तोंड झाकून घेतलं.

पुढच्या वर्षी त्या तिसऱ्या ओळीला कोण उभं राहिलं, डॉक्टरांनी गिरणीवाल्यांना परत कसं आणलं, ही मंडळाची हकीकत आहे, गोदूताईंची नाही. त्या पुन्हा रंगमंचावर चढल्या नाहीत. वर्ग मास्तर घेऊ लागले. मुली मात्र त्यांना थोड्याच हव्या असूनही भरपूर झाल्या होत्या. गोदूताई पेटीजवळ पाट टाकून बसत, आणि शेवटी पाणी त्याच पेल्यानं पीत.

मी त्यांना नीट पाहिलं ते शेवटचं, पुतण्याकडे कायमचं राहायला निघाल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी. मी सामानाची यादी घेऊन गेले होते. वर्ग संपला होता, मुली गेल्या होत्या. पेटीवर हिरा होती. मास्तरांनी तिला आता पेटीही शिकवायला घेतली होती. गाणं संपवून ती उठली आणि पेटीवर झाकण ओढायला वाकली. पण गोदूताईंचा तळहात लाकडावर तसाच होता. डोळे मिटलेले. पेटी गप्प झाली आहे हे त्यांना कळलं नसेल असं नाही. हात त्यांनी उचलला नाही, एवढंच.

हिरा झाकण धरून उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग झाकण सोडून ती पुन्हा बसली, पायानं भाता मारला, आणि काळी दोन दाबून धरली.